ऑफिसच्या कॉम्प्युटरचा रंग कोण बदलतंय?

सेक्रेटरी, ए-५०४: कमिटीला एक प्रश्न. मी सीएसएमटीहून स्लो लोकलने मुलुंडपर्यंत उभ्याने येतो आणि नऊ वाजता सोसायटीचे मेल बघायला बसतो. मेलचं ॲप, थंडरबर्ड, उघडलं की डोळ्यांवर टॉर्च मारल्यासारखं होतं. मी रोज काळी थीम लावून जातो, दुसऱ्या रात्री परत सगळं पांढरंफटक. कोण बदलतं?

मॅनेजर: सर, मीच. सकाळी खिडकीतून ऊन थेट स्क्रीनवर येतं. काळ्या स्क्रीनवर मला माझाच चेहरा दिसतो, मेल दिसत नाही. परवा गळतीच्या तक्रारीचा एक मेल न वाचताच डिलीट झाला.

बी-३०१ माई: तो माझाच. 🙏

खजिनदार काका: एवढ्यासाठी ग्रुप कशाला? विंडोजमध्ये नाईट लाइट आहे. सूर्यास्ताला आपोआप लागतं, सूर्योदयाला जातं. माझ्या घरी आहे.

सी-१०३ ताई: काका, नाईट लाइटने पडदा फक्त पिवळसर होतो, निळा प्रकाश कमी होतो. पांढरं पान पांढरंच राहतं, हळद लावल्यासारखं. सेक्रेटरींना हवंय ते वेगळं. गंमत म्हणजे विंडोजने नाईट लाइटला टायमर दिलाय, पण सेटिंग्जमध्ये डार्क मोडला दिला नाही. तिथे लाइट नाहीतर डार्क, आपण बदलू तेव्हाच बदलणार.

सेक्रेटरी, ए-५०४: मग थंडरबर्डमध्येच वेळ लावता येत नाही का? सात वाजता काळं हो, सकाळी पांढरं हो?

सी-१०३ ताई: त्याला स्वतःला घड्याळ बघता येत नाही, पण विंडोजकडे बघता येतं. तुम्ही दोघं रोज तेच बिघडवताय. तुम्ही थंडरबर्डमध्ये ‘डार्क’ निवडता, हे ‘लाइट’. असं काहीही हाताने निवडलं की ते विंडोजचं ऐकणं सोडतं. वर उजवीकडच्या तीन रेघा, ॲड-ऑन्स अँड थीम्स, त्यात थीम्स, आणि तिथे ‘सिस्टम थीम – ऑटो’. एकदा ते लावलं की त्या पानावर परत कुणी जायचं नाही.

डी-६०२: गेटसमोर पांढरी वॅगनआर कुणाची आहे? टँकर आत येत नाहीये.

मॅनेजर: हलवतोय सर.

सेक्रेटरी, ए-५०४: बरं, ऑटो केलं. पण विंडोजलाच वेळ कळत नाही म्हणालात ना?

सी-१०३ ताई: तेच राहिलं. मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज फुकट मिळतं, त्यात ‘लाइट स्विच’ नावाची सोय आलीये. ठरलेली वेळ द्या नाहीतर सूर्योदय-सूर्यास्त. ‘ऑटो डार्क मोड’ म्हणून दुसरं एक छोटं ॲपही आहे, तेही फुकट. दोन्हींपैकी एकच टाका. दोन्ही टाकलीत तर तुमच्या दोघांचं भांडण कॉम्प्युटरच्या आत सुरू होईल.

ए-२०२ दादा: आमच्या मॅकमध्ये हे २०१९ पासून आहे, वरून काही टाकावं लागत नाही. 😎 फक्त काम चालू असताना बदलत नाही. मिनिटभर हात काढला की मग बदलतं.

खजिनदार काका: मॅक सोसायटीच्या बजेटमध्ये नाही.

खजिनदार काका: सूर्यास्तावर लावा. वीजही वाचेल.

सी-१०३ ताई: वीज नाही वाचणार काका. तो एलसीडी मॉनिटर आहे, मागचा दिवा काळ्या पानालाही तेवढाच जळतो. ओएलईडी, म्हणजे ठिपका न् ठिपका स्वतः उजळणारा पडदा, असता तर फरक पडला असता. आणि सूर्यास्त नको. डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमाराला मावळतो, जुलैत सव्वासातच्या पुढे. मॅनेजर सातपर्यंत बसतात, म्हणजे हिवाळ्यात तासभर परत त्यांना स्वतःचा चेहरा. पावसाळ्यात दुपारी तीनला अंधारून येतं ते तर कुठल्याच ॲपला कळत नाही. सरळ संध्याकाळी ७ ते सकाळी ८ लावा.

मॅनेजर: मॅडम, मी जाताना मेन बटण बंद करून जातो. सातला कॉम्प्युटर बंद असेल.

सी-१०३ ताई: चालेल. पॉवरटॉइज विंडोजबरोबर सुरू होऊ द्या, रात्री चालू केलं की वेळ बघून तेच काळं करेल. पण आधी शट डाउन करत जा हो, नुसतं बटण नको.

बी-३०१ माई: मला काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. मी घरी पांढरंच ठेवते. चूक आहे का?

सी-१०३ ताई: नाही माई. चष्म्याला सिलिंडरचा नंबर असेल तर बऱ्याच जणांना तसं होतं. अंधाऱ्या पडद्याकडे बघताना डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि अक्षर पसरतं. काळंच डोळ्यांना चांगलं असं काही नाही, सेक्रेटरींनाही सांगते. त्यांचा त्रास अर्धा त्या ट्यूबचा आहे. रात्री एकच लावून बसतात.

खजिनदार काका: दुसरी ट्यूब गेली आहे. बिल द्या, पास करतो.

रात्री ९:२०

सेक्रेटरी, ए-५०४: लावलं. उघडतानाच काळं आलं, मेलची यादी सुरेख दिसतेय. पण लिफ्टच्या एएमसीचं कोटेशन आलंय त्यात आकडेच नाहीत! नुसता रिकामा तक्ता.

खजिनदार काका: फुकट करणार असतील.

सी-१०३ ताई: आकडे आहेत. पाठवणाऱ्याने अक्षरांना काळा रंग पक्का ठरवून दिला असणार, आणि पान आता काळं झालंय. २०२५ च्या जुलैत आलेल्या थंडरबर्ड १४० पासून ते मेलच्या आतला मजकूरही काळा करतं. एरवी छान वाटतं, अशा तक्त्यांत फसतं. मेलच्या वरच्या भागात त्याचं बटण आहे. ते दाबलं की मेलचा मजकूर मूळ रंगात येतो, बाकी खिडकी काळीच राहते.

ए-२०२ दादा: आउटलुकमध्येही असतं ते, सूर्याचं चित्र.

सेक्रेटरी, ए-५०४: दिसले. फुकट नाहीये काका. १८ टक्के जीएसटी वेगळा.

खजिनदार काका: बटण परत दाबा.

सी-१०३ ताई: 😂 आणि पैशाचा कुठलाही मेल कमिटीला फॉरवर्ड करायच्या आधी एकदा मूळ रंगात बघत जा. जोडलेली पीडीएफ पांढरी उघडली तर घाबरू नका, ती या थीमचं ऐकत नाही.

सकाळी १०:०५

मॅनेजर: सर, सुरू केल्या केल्या पांढरं आलं. काही करावं लागलं नाही. थँक्यू मॅडम.

मॅनेजर: फक्त खुर्ची रोज रात्री कोणीतरी पार खाली करून जातं. तिचंही काही ॲप आहे का?