गोकर्णाच्या निळ्या जिनचा रंग ग्लासात टिकवायचा कसा?

प्रश्न (फोंडा)

नमस्कार. चवथ आटोपल्यानंतरच्या आठवड्यात धाकट्या दिरांच्या वाढदिवसासाठी आमच्या घरी दहा-बारा जण जमणार आहेत. पाहुण्यांच्या हाती आल्याआल्या टॉम कॉलिन्स हे जिनचे कॉकटेल द्यावे, पण ते नेहमीसारखे बिनरंगी नसावे, असा आम्हा दोघांचा विचार आहे. कुंपणावरचा निळ्या गोकर्णाचा वेल सध्या फुलांनी भरलेला असून ती फुले जिनमध्ये भिजवली असता जिनला सुरेख गडद निळा रंग येतो. अडचण पुढे येते. लिंबाच्या रसावर ही जिन ओतून वरून टॉनिक घातले की निळेपण क्षणात नाहीसे होते आणि सगळा ग्लास एकसारखा फिकट जांभळा दिसू लागतो. मला खाली फिकट व वर निळा असे दोन थर हवे आहेत आणि रंगबदल पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर व्हायला हवा आहे. बाटलीतले ब्लू क्युरासाओ वापरायची इच्छा नाही, कारण त्याचा निळा रंग कृत्रिम असतो आणि संत्र्याची चव जिनवर कुरघोडी करते. शिवाय फुले भिजवलेल्या जिनला थोडा पाल्यासारखा वास येतो, तो कसा टाळावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (डिचोली)

ताई, सर्वप्रथम टॉनिक बाजूला ठेवा. टॉम कॉलिन्समध्ये ते नसतेच. जिन, लिंबाचा रस, साखरेचा पाक आणि साधा सोडा एवढेच त्याचे घटक. रूढ प्रमाण ४५ मिली जिन, ३० मिली रस, १५ मिली पाक व ६० मिली सोडा असे असले, तरी ते मोठ्या पिवळ्या लिंबांसाठी आहे. आपल्या बाजारातले कागदी लिंबू अधिक आंबट असल्यामुळे २० मिली रस पुरतो.

आता रंगाविषयी. गोकर्णाचे निळे रंगद्रव्य अँथोसायनिन वर्गातले आहे. हा वर्ग आम्लतेप्रमाणे रंग पालटतो: आम्ल नसताना निळा, थोडे आम्ल मिळताच जांभळा आणि आम्ल बरेच वाढले की गुलाबीकडे झुकणारा. टॉनिकमध्ये क्विनाइन व साखरेबरोबर सायट्रिक आम्लही घातलेले असते, म्हणून लिंबू न पिळताही नुसत्या टॉनिकने आपली जिन जांभळी झाली असती. साध्या सोड्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचे सौम्य आम्ल असते आणि त्याने रंग फारसा हलत नाही.

थर राहतात ते घनतेच्या फरकामुळे. साखरेचा पाक पाण्यापेक्षा जड असतो आणि जिन पाण्यापेक्षा हलकी, त्यामुळे ओतण्याचा क्रम उलटा करावा लागतो. उंच ग्लासात आधी रस व पाक एकत्र ढवळून घ्या, ग्लास काठापर्यंत बर्फाने भरा, त्यावर सोडा अगदी सावकाश सोडा आणि शेवटी निळी जिन चमच्याच्या पाठीवरून, वरच्या बर्फाच्या खड्यावर धार पडेल अशी ओता. बर्फ मोजका असेल तर धार थेट तळाला जाते व सगळे एक होऊन बसते. इथे काटकसर करून चालणार नाही. थर नीट जमले की वरचा निळा आणि खालचा रंगहीन यांच्या मध्ये जांभळी पट्टी आपोआप उमटते. पाहुण्यांच्या हाती ढवळणी द्या, म्हणजे बाकीचा रंगबदल तेच घडवतील.

पाल्याचा वास बहुधा फुलाच्या देठाकडच्या हिरव्या भागातून आणि फुले फार वेळ भिजत राहिल्याने येतो. हिरवा भाग खुडून केवळ निळ्या पाकळ्या घ्या व रंग मनासारखा उतरला की लगेच गाळा; अर्ध्या-पाऊण तासात काम होते, फुले रात्रभर ठेवण्याचे कारण नाही. हा रंग उजेडात व उष्णतेत फिकट होतो, म्हणून जिन त्याच दिवशी तयार करून फ्रिजमध्ये ठेवा. फुले घरच्याच वेलाची आहेत हे उत्तम. औषधफवारणी झालेली किंवा रस्त्याकडेची फुले पेयात कधीही घालू नयेत.

उत्तर (पेडणे)

वरील माहिती अचूक आहे, पण माझे मत थोडे निराळे आहे. गोकर्ण रंग देतो, चव जवळजवळ काहीच देत नाही. पहिल्या घोटानंतर पाहुण्याच्या जिभेवर नेहमीचेच टॉम कॉलिन्स उरते. आपल्या स्वयंपाकघरात रंग आणि चव दोन्ही देणारे आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, असताना केवळ दिखाव्यासाठी एवढी खटपट का करावी? कोकमाचा लाल रंगही अँथोसायनिनचाच, मात्र कोकम स्वतःच आंबट असल्यामुळे लिंबू पिळले तरी तो लालच राहतो. रंग उडण्याचा प्रश्नच येत नाही.

माझा आग्रह मार्गारिटाचा आहे. ५० मिली टकीला, २० मिली ट्रिपल सेक (संत्र्याच्या चवीचे गोड मद्य) व १५ मिली लिंबाचा रस हे तिचे ठरलेले प्रमाण. त्यात रस निम्मा करून तेवढेच आगळ घालावे. मार्गारिटाच्या ग्लासाच्या कडेला मीठ लावायची रीत आहे आणि आगळात मीठ मुळातच असते, त्यामुळे कडेचे मीठ सरळ वगळता येते. प्रत्येक घरच्या आगळाचा खारटपणा वेगळा असतो, तेव्हा आधी चमचाभर चाखून मगच प्रमाण ठरवावे. बाजारातले गोड कोकम सरबत वापरणार असाल तर ट्रिपल सेक कमी करा, नाहीतर पेय पाकासारखे गोडमिट्ट होईल.

टकीला महाग वाटत असेल तर काजूच्या फेणीत कायपिरिन्या हे लिंबू-साखरेचे कॉकटेल करून पाहा. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून इकडे आणले आणि कायपिरिन्याही ब्राझीलचीच, म्हणजे हे नाते जुनेच म्हणायचे. एका लिंबाच्या फोडी दोन चमचे साखरेबरोबर ग्लासातच ठेचाव्यात, त्यावर ५० मिली फेणी व चमचाभर आगळ घालून ग्लास ठेचलेल्या बर्फाने भरावा. फेणीचा वास सर्वांना रुचत नाही हे मान्य, पण २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही दारू आपल्याच भट्ट्यांवर गाळली जाते, आणि गोव्यात वाढदिवस करून पाहुण्यांना तिची ओळखही होऊ नये, हे मला पटत नाही.

प्रश्नकर्ती (फोंडा)

दोघांचेही मनापासून आभार. आगळाची कल्पना सासूबाईंनाही आवडली, तेव्हा ती मार्गारिटा जेवणाआधी ठेवू. फेणीचे मात्र जमणार नाही, कारण पाहुण्यांपैकी निम्म्यांना तिचा वास सोसत नाही. स्वागताला निळेच हवे आहे, परंतु दहा-बारा ग्लासांत चमच्याच्या पाठीवरून जिन ओतत बसले तर पाहुण्यांशी बोलणार कोण? शिवाय तीन मुले आणि दोन गाडी चालवणारे आहेत. त्यांच्या हातीही असाच रंगीत ग्लास देता येईल का?

उत्तर (मडगाव)

यावर सोपा तोडगा म्हणजे रंग जिनमध्ये न घालता बर्फात घालणे. उकळत्या पाण्यात गोकर्णाच्या पाकळ्या पाच मिनिटे झाकून ठेवा, गाळा, पूर्ण थंड होऊ द्या आणि आदल्या रात्री बर्फाच्या साच्यात ओतून ठेवा. पाणी चांगले गडद हवे, कारण गोठल्यावर रंग उतरल्यासारखा दिसतो. ऐन वेळी ग्लासात लिंबाचा रस, पाक, साधी जिन व सोडा नेहमीसारखे ढवळून घ्या आणि वर निळ्या बर्फाचे चार-पाच खडे टाका. खडा वितळू लागला की त्याच्या कडांपासून जांभळ्या रेघा खाली उतरत जातात, आणि गप्पा मारता मारता सगळा ग्लास रंगतो. दोन स्वच्छ थर मिळणार नाहीत हे खरे, पण रंगबदल आपल्याला हवा तसा डोळ्यांसमोर होतो आणि तोही संथपणे. माझ्या मते गर्दीच्या घरात हेच परवडते.

मुलांसाठी व गाडी चालवणाऱ्यांसाठी जिन वगळून तेच लिंबू, तोच पाक, तोच सोडा आणि तोच निळा बर्फ वापरा. दिसण्यात काडीचाही फरक नाही. नेमकी याच कारणासाठी एक काळजी घ्या. ग्लास एकसारखे दिसतात, म्हणून बिनदारूचे ग्लास वेगळ्या आकाराचे व वेगळ्या तबकात ठेवा. आपल्याकडे मद्यपानाचे कायदेशीर वय २१ आहे, तेव्हा कॉलेजात जाणारी पुतणी-भाची मंडळीही त्याच तबकाकडे वळवावी लागतील.

आगळाची मार्गारिटा जगमध्ये आधीच मिसळून फ्रिजमध्ये ठेवता येते, मात्र लिंबाचा रस त्यात आयत्या वेळीच पिळा. काही तास ठेवलेला रस कडवटपणाकडे झुकतो.