मदत हवी आहे : गुडघ्यासाठी ब्रेस कोणता घ्यावा?

उंबरठा
नमस्कार. मला गुडघ्यासाठी ब्रेस निवडायचा आहे आणि शक्य झाल्यास आजच निवडायचा आहे. साधी नी कॅप, वाटीच्या जागी गोल भोक असलेली नी कॅप, दोन्ही बाजूंना बिजागऱ्या असलेला ब्रेस आणि मांडीपासून पोटरीपर्यंत पाय सरळ ठेवणारा लांब ब्रेस असे चार प्रकार पाहून झाले, आणि कोणत्याही खोक्यावरचा मजकूर वाचला तरी तो आपल्यासाठीच आहे असे वाटते. त्यांपैकी एक घेतलाही, पण तो तासाभरात घसरून पोटरीवर येतो. मापाचा प्रश्न नाही, माप मोजूनच घेतले होते. 'डॉक्टरांना विचारा' असे कृपया कोणी लिहू नये, कारण त्यांना विचारूनच इथे आलो आहे.

पाऊलखूण
आपण चारही ब्रेसांचे वर्णन नीट केले आहे, परंतु गुडघ्याला काय झाले आहे हे मात्र कुठेच आलेले नाही. दुखापत केव्हा आणि कशी झाली, कोणत्या बाजूला दुखते, पाय पूर्ण सरळ होतो का, आणि त्या चारांपैकी आपण घेतला कोणता, एवढे कळले तर पुढे काही बोलता येईल.

सहाचा गजर
मी गेली अनेक वर्षे धावतो आणि माझा अनुभव असा आहे की निओप्रीनची साधी नी कॅप सर्वांत उत्तम. सांध्याला ऊब मिळते, सूज थोडी आटोक्यात राहते आणि गुडघा कुठे आहे याची जाणीव पावलागणिक होत राहते. वाटीच्या खालच्या, तिला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या शिरेत दुखत असेल तर तिथे बांधायचा अरुंद पट्टा घ्यावा. बिजागऱ्यांचे अवजड प्रकरण उगाच अंगावर घेऊ नये.

आडवी रेघ
वरील प्रतिसादाशी मी पूर्णपणे असहमत आहे. फुटबॉल खेळताना वळलो तेव्हा माझ्या गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला होता आणि दोन तासांत गुडघा नारळाएवढा झाला होता. एका मित्राने अशीच नी कॅप सुचवली आणि मी ती दोन महिने इमानेइतबारे घातली. जिना उतरताना गुडघा निसटला तेव्हा ती नी कॅप जागच्या जागी होती, मी मात्र चार पायऱ्या खाली होतो. पुढचे क्रूसिएट लिगामेंट, म्हणजे गुडघ्याची हाडे आतून एकमेकांना बांधून ठेवणारा एक बंध, फाटले असल्याचे त्यानंतर कळले. नी कॅप कातडीला धरून ठेवते, हाडाला नाही, हे मी स्वतःच्या गुडघ्यावर शिकलो आहे.

सहाचा गजर
नी कॅप घालून माझा गुडघा आजवर एकदाही निसटलेला नाही.

आडवी रेघ
कारण तुमचे लिगामेंट शाबूत आहे. त्याचे श्रेय नी कॅपला कशाला द्यायचे?

उंबरठा
मूळ प्रश्न बाजूला पडतो आहे. गुडघा दुखावला आहे म्हणूनच ब्रेस शोधतो आहे, हे उघड आहे. ११ दिवसांपूर्वी पायरीवरून उतरताना पाऊल तिथेच राहिले आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडला. डॉक्टरांच्या कागदावर 'नी ब्रेस, ६ आठवडे' एवढेच आहे. कोणता ब्रेस, ते लिहिलेले नाही, आणि तपासणीच्या खोलीतून बाहेर आल्यावर माझ्या ते लक्षात आले.

शेवंती
माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि ती आतल्या बाजूला अधिक आहे. तिला एका बाजूने दाब देणारा, म्हणजे आतल्या अर्ध्या भागावरचा भार बाहेरच्या भागाकडे वळवणारा, 'अनलोडर' ब्रेस दिला आहे. पहिले काही दिवस दिवसाला तासभरच घालायला सांगितले होते, नंतर वेळ वाढवला. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हेही तेव्हाच कळले. त्याआधी ती दुखऱ्या बाजूलाच धरत असे. आपणही हा ब्रेस पाहावा असे सुचवते.

पाऊलखूण
शेवंतीताई, माहिती मोलाची आहे, पण धागाकर्त्यांच्या गुडघ्याची झीज झालेली नाही, तो दुमडला आहे.

कोपरा
आतल्या बाजूचे लिगामेंट दुखावले असेल तर लांब ब्रेस घालून ६ आठवडे गुडघा अजिबात वाकवू नये. फाटलेली गोष्ट हलवत राहिलो तर ती जुळणार कशी? माझ्या वडिलांना असेच ठेवले होते आणि ते ठणठणीत आहेत.

तिसरी घंटा
मी फिजिओथेरपिस्ट आहे. आपला गुडघा मी पाहिलेला नाही, तेव्हा पुढचे सारे त्या मर्यादेत वाचावे.

ब्रेसची निवड नावावरून होत नाही, कोणती हालचाल अडवायची आहे यावरून होते. साधी नी कॅप कोणतीच हालचाल अडवत नाही. वाटीभोवती भोक आणि कडेला गादी असलेली कॅप वाटीला बाजूला सरकण्यापासून काही अंशी रोखते. दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या आणि बिजागऱ्या असलेला ब्रेस गुडघा आत किंवा बाहेर कलू देत नाही, मात्र वाकू देतो. लांब ब्रेस तर वाकूही देत नाही; वाटीचे हाड मोडले असेल किंवा मांडीचा स्नायू वाटीला जोडणारी शीर तुटली असेल तेव्हा तेच हवे असते.

आपला गुडघा आत दुमडला, म्हणजे आतल्या बाजूच्या लिगामेंटवर ताण आला असण्याची शक्यता अधिक आहे. ते एकटेच आणि अंशतः फाटले असेल तर बहुधा शस्त्रक्रियेविना जुळते, आणि त्याला आडवा ताण नको असला तरी वाकण्याची हालचाल हवी असते. कोपरा यांच्या वडिलांना कोणती दुखापत होती हे मला ठाऊक नाही, परंतु गरज नसताना गुडघा ६ आठवडे सरळ बांधून ठेवला तर सांधा आखडतो आणि मांडीचा पुढचा स्नायू इतका झपाट्याने वाळतो की दोन मांड्यांतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो.

आता तीन प्रश्न. एमआरआय झाला आहे का? गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा होतो का? तसे होत असेल तर कुर्चेचा फाटलेला तुकडा सांध्यात अडकलेला असू शकतो आणि कोणताही ब्रेस त्याला उपाय नाही. आणि घसरू नये म्हणून आपण खालचा पट्टा घट्ट आवळता का?

उंबरठा
एमआरआय झाला आहे. आतल्या बाजूचे लिगामेंट ग्रेड २, अंशतः फाटलेले, बाकीची लिगामेंटे आणि कुर्चा ठीक, असा अहवाल आहे. तो डॉक्टरांनी पाहिलेला असल्यामुळे इथे लिहायची गरज वाटली नाही. गुडघा अडकत नाही. घेतलेला ब्रेस बिजागरीचाच आहे. पट्टा अर्थातच घट्ट आवळतो, नाहीतर तो टिकणार कसा? त्यामुळे पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात, पण तो मुद्दा वेगळा आहे.

तिसरी घंटा
तो मुद्दा वेगळा नाही, या धाग्यातला तोच सर्वांत तातडीचा आहे. ब्रेस आत्ता काढावा.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, थोडे खाली, बोटाला एक हाडाचा उंचवटा लागतो. त्याच्या मानेला वळसा घालून एक नस कातडीच्या अगदी खालून जाते, आणि पाऊल वर उचलणारे स्नायू तिच्यावर चालतात. पट्टा नेमका तिथे रुतला तर आधी पावलाचा वरचा भाग बधिर होतो आणि दाब तसाच राहिला तर पाऊल उचलता येईनासे होते. टाच जमिनीवर टेकवून पाऊल आणि अंगठा वर उचलता येतो का, ते पाहून कळवावे. दुखापत झालेल्या पायाची पोटरीही पाहावी. ती दुसऱ्या पोटरीपेक्षा सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर रक्ताच्या गुठळीची शंका घ्यावी लागते, आणि मग इथल्या प्रतिसादांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे.

उंबरठा
पाऊल वर उचलता येते, अंगठाही. पोटरी दोन्हीकडे सारखीच आहे. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासात मुंग्या गेल्या. पट्ट्याचा वळ तुम्ही सांगितलेल्या उंचवट्याखालीच उमटला आहे. हे मला कोणीच सांगितले नव्हते.

आडवी रेघ
माप कसे घेतले होते? माझाही पहिला ब्रेस घसरत असे, कारण सूज असताना मोजले होते.

उंबरठा
दुसऱ्या दिवशी. पॅन्टवरून. फक्त गुडघ्याचा घेर.

तिसरी घंटा
मग घसरणारच. सूज उतरली की तेच माप सैल होते, आणि मांडी वरून खाली निमुळती असल्यामुळे सैल ब्रेस आपोआप खाली येतो. पायावर कपडा न ठेवता, उभे राहून, वाटीच्या मध्यापासून सुमारे १५ सेंटिमीटर वर मांडीचा आणि तितकेच खाली पोटरीचा घेर मोजावा आणि तो त्या कंपनीच्याच तक्त्याशी ताडून पाहावा. एका कंपनीचा 'एल' दुसरीचा 'एम' असू शकतो. ब्रेस बसून, गुडघा किंचित वाकवून चढवावा. बिजागरीचा मध्य वाटीच्या मध्याच्या पातळीवर आणि बाजूने पाहता पायाच्या मध्यरेषेच्या जरा मागे यावा. आधी गुडघ्याच्या लगेच खालचा पट्टा लावावा, कारण पोटरीचा फुगीर भागच ब्रेसला खालून टेकू देतो, आणि मग मांडीचे. पट्ट्याखाली एक बोट सरकले पाहिजे. बाहेरच्या उंचवट्यावर दाब येत असेल तर तिथे मऊ गादी ठेवावी किंवा ब्रेसच बदलावा.

सहाचा गजर
निओप्रीनने पुरळ उठते, हेही सांगून ठेवतो. मला उठले होते. आत पातळ सुती मोजा घालावा.

आडवी रेघ
या एका बाबतीत सहमत.

उंबरठा
नव्याने मोजून 'एम' आणला. सांगितलेल्या क्रमाने पट्टे लावून दोन तास घरात फिरलो. ब्रेस बोटभरच सरकला आणि मुंग्या आल्या नाहीत. सुरुवातीलाच अहवाल लिहिला असता तर निम्मे प्रतिसाद टळले असते, हे मान्य आहे. आता एकच विचारायचे आहे : रात्री झोपतानाही घालायचा का?

तिसरी घंटा
ते आणि गुडघा किती अंशांपर्यंत वाकवायचा ते, या दोन्ही गोष्टी ज्यांनी अहवाल पाहिला त्यांनाच विचाराव्यात. आपल्या कागदावर ६ आठवडे लिहिले आहे. रात्र, दिवस आणि अंश लिहायचे राहिले आहेत. पावलाच्या बधिरपणाविषयीही त्यांना आवर्जून सांगावे.

शेवंती
आईच्या ब्रेसचा पट्टाही त्याच उंचवट्यावर येतो, असे आत्ता पाहिले. तिची मापे उद्या नव्याने घेते.