मदत हवी आहे: ग्लायडर उड्डाणाचा व्यवसाय आहे, पण लोक येत नाहीत

उंचावरून
नमस्कार मंडळी. पाल्हाळ न लावता विचारतो. आमचा ग्लायडर फ्लाइंगचा छोटा व्यवसाय आहे. मशीन उत्तम, पायलट अनुभवी, सीझन सुरू झालाय. वेबसाइट आहे, फेसबुक पान आहे, पत्रकंही वाटून झाली. फोन येतात, लोक चौकशी करतात आणि मग गायब. शनिवार-रविवारीसुद्धा अर्धा दिवस हँगरच्या सावलीत बसून काढतोय. जाहिरात नक्की कुठे आणि कशी करावी? 'सोशल मीडिया वापरा' एवढंच कृपया लिहू नका, तेवढं मलाही सुचतं. जरा घाई आहे.

तिरकस
इंजिन नसलेल्या विमानात बसायला लोक येत नाहीत याचं आश्चर्य बहुधा फक्त तुम्हालाच वाटतंय.

गुलबकावली
पॅराग्लायडिंग ना? आम्ही लग्नानंतर लगेच केलं होतं. जाम मजा आली. उतरल्या उतरल्या त्यांनी व्हिडिओ दिला हातात. तुम्हीपण देत जा.

उंचावरून
पॅराग्लायडिंग नाही हो ताई. ग्लायडर. विमान. पंख, शेपूट, कॉकपिट, वर काचेचं झाकण, सगळं असतं. इंजिन तेवढं नसतं.

हिशेबनीस
धागाकर्ते, माहिती फारच त्रोटक आहे. ग्लायडर किती? पायलट किती? विंचने (जमिनीवरच्या यंत्राने दोर ओढून) उडवता की टो-प्लेनने (दोरीने ओढून नेणाऱ्या इंजिनाच्या विमानाने)? लोकांना नुसतं फिरवून आणता की शिकवता? बुकिंग कोण घेतं? आणि पैसे घेऊन प्रवासी नेण्याची परवानगी आहे का? बऱ्याच ठिकाणी क्लबला 'पहिला धडा' म्हणून माणूस नेता येतो, पण 'हवाई सफर' म्हणून विकायचं तर नियम वेगळे, विमा वेगळा. आधी ते स्पष्ट करा, मग जाहिरातीचं बोलू.

उंचावरून
परवाने, विमा सगळं आहे. देश विचारू नका, हा धंदा इतका छोटा आहे की लगेच ओळख पटेल. दोन आसनी ग्लायडर एकच आहे, एएसके-२१ मॉडेलचं. टो-प्लेन ६०० मीटरवर नेऊन सोडतं. मी आणि एक सहकारी, दोघंही इन्स्ट्रक्टर. आता सांगा, जाहिरात कुठे करू?

चकमक
सोप्पं आहे. रील्स! कॉकपिटमध्ये ३६० अंशाचा कॅमेरा, सूर्यास्त, मागे म्युझिक. आणि सवलतीच्या कूपन साइटवर टाका, अर्ध्या दरात. ढिगाने खपेल. माझ्या मेव्हण्याने कयाकिंगला हेच केलं.

रानजाई
कूपन साइटचं नावही काढू नका. मी एका ग्लायडिंग क्लबात बरीच वर्षं हौसेने काम करते, तिथे हा प्रयोग झालाय. व्हाउचरं धडाधड खपली. पुढे ओळीने ढगाळ, वाऱ्याचे शनिवार आले. एक ग्लायडर, एक टो-प्लेन, आणि यादी लांबतच गेली. लोक चिडले आणि वाट्टेल ते रिव्ह्यू लिहिले. अर्ध्या दरात विकलेली उड्डाणं पुढच्या सीझनपर्यंत फेडत बसलो. कयाकला पाणी रोज असतं. आपल्याला हवा रोज नसते.

चकमक
म्हणजे मॅनेजमेंट चुकलं तुमचं, साइटचा काय दोष? व्हाउचरची मुदत वाढवायची होती.

रानजाई
मुदत वाढवली होती. म्हणून तर पुढच्या सीझनपर्यंत फेडत बसलो असं लिहिलंय. वाचा जरा.

कप्तान_निवृत्त
लोकांच्या मनातली भीती काढा, बाकी आपोआप होईल. २३ जुलै १९८३, एअर कॅनडाचं बोइंग ७६७. लिटर, पौंड आणि किलोचा घोळ झाला आणि सुमारे ४१,००० फुटांवर इंधन संपलं. दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पिअरसन हा मुरलेला ग्लायडर पायलट होता. त्याने ते अवाढव्य धूड गिमलीच्या जुन्या हवाई तळावर नेऊन उतरवलं. सगळे वाचले. २००९ साली हडसन नदीवर विमान उतरवणाऱ्या सलनबर्गरकडेही ग्लायडरचा परवाना होता. हे सगळं वेबसाइटवर टाका.

तिरकस
हो तर. 'आमच्याकडे या, आमचं इंधन आधीच संपलेलं आहे.' झुंबड उडेल.

कप्तान_निवृत्त
तुम्हाला प्रत्येक गोष्टीची टिंगलच करायची असते. ग्लायडिंगचा इतिहास माहिती आहे का? पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक बंधनं आली. तिथली पोरं मग वासरकुप्पे नावाच्या डोंगरावर जमायला लागली आणि १९२०पासून बिनइंजिनाच्या विमानांच्या स्पर्धा सुरू झाल्या. आजचं ग्लायडिंग त्या डोंगरउतारावर वाढलंय. आणि २०१८मध्ये पर्लान-२ हे ग्लायडर अर्जेंटिनात ७६,००० फुटांच्या वर गेलं. बिनइंजिनाचं!

उंचावरून
कप्तानसाहेब, हे सगळं मला ठाऊक आहे, आणि आवडतंही. पण फोन करणारा माणूस हे विचारत नाही.

हिशेबनीस
मग काय विचारतो तो? आणि तुम्ही काय उत्तर देता? फोन येतात म्हणजे जाहिरात पोहोचते आहे. गळती फोननंतर आहे. एखादा फोन जसाच्या तसा लिहा पाहू.

उंचावरून
त्यात काय लिहायचं. 'ग्लायडर फ्लाइटची माहिती हवी होती.' मी वजन विचारतो. मग तारीख. मग सांगतो की सगळं हवेवर अवलंबून आहे, त्या दिवशी सकाळी फोन करून खात्री करा. मग ते 'घरी विचारून सांगतो' म्हणतात. संपलं.

रानजाई
थांबा. पहिला प्रश्न *वजन*?

उंचावरून
विचारावंच लागतं. सीटला ११० किलोची मर्यादा आहे, पॅराशूट धरून. पुढच्या सीटवर माणूस फार हलका असेल तर वजनाच्या प्लेट्स लावाव्या लागतात. सुरक्षेचा प्रश्न आहे, यात तडजोड नाही.

तिरकस
अनोळखी बाईने वाढदिवसाची भेट म्हणून नवऱ्यासाठी फोन केला, आणि पलीकडून पहिलं वाक्य 'वजन किती?'. मीसुद्धा घरी विचारून सांगतो म्हणालो असतो.

रानजाई
तडजोड करायला कोण सांगतंय? मर्यादा वेबसाइटवर आणि बुकिंगच्या फॉर्मवर ठळक लिहा, वजन तिथे भरू द्या, आणि फ्लाइटच्या दिवशी सगळ्यांनाच काट्यावर उभं करा, तुमच्या सहकाऱ्यासकट. मग कुणालाच ते टोचत नाही. फोनवर पहिला प्रश्न असा हवा: 'कुणासाठी हवंय, आधी कधी छोट्या विमानात बसलेत का?' मग माणूस बोलायला लागतो. आणि बोलायला लागला की हमखास विचारतो, इंजिन नाही तर परत कसे येणार?

याचं उत्तर तुमच्या वेबसाइटवर आहे का?

उंचावरून
आहे ना. इथे चिकटवतो: 'एएसके-२१ हे फायबरग्लास बांधणीचे दोन आसनी प्रशिक्षण ग्लायडर असून त्याचा ग्लाइड रेशो ३४ आहे. दुहेरी नियंत्रणे, व्हेरिओमीटर व एअरब्रेक्स उपलब्ध.'

हिशेबनीस
हे वर्णन ग्लायडर विकत घेणाऱ्यासाठी आहे.

रानजाई
अगदी. ३४ हा आकडा सोन्यासारखा आहे, पण उलगडून सांगा. 'शांत हवेत एक किलोमीटर उंचीवरून हे विमान कागदावर ३४ किलोमीटर लांब जातं. आम्ही धावपट्टीच्या आसपासच असतो, म्हणजे परतायला लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त उंची हाताशी असते.' भीतीचं उत्तर एवढंच. सायकल उतारावर सोडली की पायडल न मारता जशी जाते तसं, असं मी लोकांना सांगते. लगेच कळतं. एअरब्रेकचंही सांगा, की उतरताना खरी अडचण विमान पडण्याची नसते, ते तरंगत पुढे जाण्याची असते, म्हणून पंखातून पट्ट्या बाहेर काढून उंची कमी करावी लागते. हे ऐकून लोकांचे चेहरे बदलतात, स्वतः पाहिलंय.

आणि एक फोटो टाका, झाकणावर चिकटवलेल्या लोकरीच्या धाग्याचा. एवढ्या महागड्या यंत्रात विमान सरळ चाललंय की तिरकं, हे पायलट नाकासमोरच्या बोटभर लाल धाग्याकडे बघून ओळखतो. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस उतरल्यावर त्या धाग्याबद्दल बोलतो. तुमच्या पानावर काय आहे? जमिनीवर उभं असलेलं पांढरं विमान, बरोबर?

उंचावरून
पांढरं विमान आणि निळं आकाश. चांगला फोटो आहे तो.

चकमक
म्हणूनच म्हणतोय, रील्स. पाहुण्याच्या हातात गोप्रो द्या.

कप्तान_निवृत्त
हातात मुळीच देऊ नका. सुटून सीटखाली गेला आणि कंट्रोलच्या दांड्यात अडकला म्हणजे? कॉकपिटमध्ये सुटी वस्तू नको, हा पहिला धडा. कॅमेरा लावायचाच तर मान्यता असलेल्या पक्क्या माउंटवर, आणि तो रोज पायलटने तपासायचा.

चकमक
ठीक, माउंटवर. पण व्हिडिओ हवाच. रेकॉर्डिंगमध्ये दोरी सुटल्याचा 'ठक्' आणि नंतरची शांतता येऊ द्या. म्युझिक घालू नका, माझं आधीचं मागे घेतो.

रानजाई
चकमक, हे मात्र पटलं.

मनस्विनी_आई
मुलगी तेरा वर्षांची आहे, पायलट व्हायचं म्हणते. ग्लायडर किती वर्षांपासून शिकता येतं? चष्मा चालतो का?

कप्तान_निवृत्त
बऱ्याच देशांत १४व्या वर्षी एकट्याने ग्लायडर उडवू देतात, त्याआधी इन्स्ट्रक्टरबरोबर शिकता येतं. चष्मा सहसा चालतो, पण वैद्यकीय नियम आपापल्या देशाचे बघा. नील आर्मस्ट्राँगलाही ग्लायडिंगचं वेड होतं, सांगा तिला.

हिशेबनीस
मूळ विषयावर येऊ. ६०० मीटरवर सोडलं आणि थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, मिळाला नाही तर उड्डाण दहा-पंधरा मिनिटांत संपतं. पाहुणा ते कमी म्हणून कुरकुरतो का?

उंचावरून
कुरकुरतात काही. म्हणून आम्ही दुपारचा स्लॉट देतो, थर्मल जोरात असतात तेव्हा. अर्धा-पाऊण तास वर राहता येतं. तरी काहीजण उतरल्यावर गप्प असतात आणि परत येत नाहीत.

रानजाई
गप्प असतात कारण मळमळत असतं! दुपारी थर्मलमध्ये एका बाजूला कलून गोल गोल फिरणं ही तुमची-माझी चैन. पहिल्यांदा बसलेल्याचं पोट वीस मिनिटांत बोलायला लागतं. पाहुण्यांना सकाळी किंवा अगदी संध्याकाळी न्या, हवा शांत असते. उड्डाण छोटं होईल, पण माणूस हसत उतरेल. वेळ आधीच 'दहा ते पंधरा मिनिटं' सांगा. आणि वर गेल्यावर दोन मिनिटं स्टिक (विमान वळवायचा दांडा) त्याच्या हातात द्या, तुमचे कंट्रोल आहेतच मागे. 'मी विमान चालवलं' हे तो आठवडाभर सांगत फिरतो. याहून मोठी जाहिरात कुठली? दुपार तुमच्या शिकाऊंसाठी ठेवा.

उंचावरून
सकाळी टो-प्लेन काढायचं म्हणजे पहाटे सगळी तयारी. सहकारी तयार होईल असं वाटत नाही.

हिशेबनीस
दुपारी हँगरच्या सावलीत बसायला तयार असतो ना? मग होईल.

हवेचंही नीट बांधा. 'सकाळी फोन करा' हे गिऱ्हाइकाच्या गळ्यात नको. बुकिंग करतानाच दोन तारखा घ्या, एक मुख्य, एक राखीव. आदल्या संध्याकाळी तुम्हीच मेसेज करा, उड्डाण आहे की नाही. रद्द झालं तर माणसाला पुढची तारीख आधीच माहीत असते, तो गायब होत नाही.

चकमक
आणि नवीन लोक कसे आणायचे? ते राहिलंच की.

कप्तान_निवृत्त
ग्लायडरच न्या लोकांकडे. पंख काढून ट्रेलरवर चढतं. जत्रा, शाळेचं गॅदरिंग, मॉल, कुठेही. झाकण उघडायचं, पोराला आत बसवायचं, स्टिक हलवायला लावायची. पंखावरचे एलेरॉन, म्हणजे टोकाजवळच्या हलत्या पट्ट्या, हलताना पोर बघतं, आणि त्याचा बाप पोराकडे. पंख लावायचे तर बंदिस्त जागेत, नाहीतर नुसतं धड ठेवा. उघड्यावर जोडलेलं ग्लायडर वाऱ्यावर सोडू नका.

तिरकस
कप्तान, पहिल्यांदाच टिंगल करावीशी वाटत नाही.

उंचावरून
ट्रेलर आहे. पुढच्या महिन्यात इथे एक मोठं प्रदर्शन भरतंय, हॉलमध्ये. जागा मिळते का बघतो. फॉर्म आजच बदलतोय, वजनाचा रकाना सगळ्यात शेवटी. सकाळच्या उड्डाणाचं सहकाऱ्याशी बोलणं झालं, फक्त रविवार म्हणतोय. स्टॉलवर पत्रकं ठेवू ना?

हिशेबनीस
पत्रकं कमी, तारखांची वही उघडी ठेवा. मोकळे रविवार त्यात आधीच लिहून ठेवा. ज्याला नाव लिहायचंय त्याने उभ्या उभ्या लिहिलं पाहिजे. आणि स्टॉलवर सहकाऱ्याला बसवू नका, बोलका कुणीतरी शोधा.

उंचावरून
बोलका म्हणजे माझी बायको. विचारून सांगतो.