सल्ला हवा: खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर पुन्हा पळणं (ठाणे / नवी मुंबई)

येऊरवाट
नमस्कार मंडळी. उजव्या खुब्याचं दुर्बिणीतून ऑपरेशन होऊन १५ दिवस झालेत. फाटलेलं लॅब्रम (खुब्याच्या वाटीच्या कडेची कूर्चा) तीन अँकर (हाडात बसवायच्या छोट्या खुंट्या) घालून शिवलंय, मांडीच्या हाडाच्या मानेवरचा कॅमचा उंचवटा (वाढीव हाड) घासून काढलाय. मायक्रोफ्रॅक्चर (कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला बारीक छिद्रं पाडणं) केलेलं नाही. वय ४१, आधीचं पळणं आठवड्याला ४५ ते ५० किमी, बहुतेक उपवन-येऊर. घर नौपाड्यात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. सध्या दोन कुबड्या. डिस्चार्जच्या कागदावर पळण्याबद्दल एकच ओळ आहे: "३ महिन्यांनंतर". हे तीन महिने नेमकं काय करायचं, पळायला सुरुवात कुठे नि कशी करायची, आणि जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन धरावी की सोडावी? हॉस्पिटलांची नावं नकोत, ते काम झालेलंच आहे.

खाडीकाठ
फिजिओ म्हणून लिहितो. पुढच्या तपासणीला सर्जनकडून चार गोष्टी लिहून घ्या: पायावर किती भार आणि किती आठवडे, खुबा किती अंशांपर्यंत वाकवायचा, पाय मागे न्यायचा का, बाहेर वळवायचा का. कॅप्सूल (सांध्याभोवतीचं आवरण) उघडली किती आणि शिवली कशी यावर ही उत्तरं बदलतात, म्हणून दुसऱ्याचा तक्ता आपल्याला लागू धरू नये.

तुमच्यासारख्या ऑपरेशनला बऱ्याच ठिकाणी पहिले २ ते ४ आठवडे पाऊल पूर्ण टेकवून फक्त ९-१० किलो भार देतात. मायक्रोफ्रॅक्चर असतं तर हेच ६ ते ८ आठवडे झालं असतं. आता ९ किलो म्हणजे किती, हे पायाला आपोआप कळत नाही. घरातला वजनकाटा घ्या, शेजारी तेवढ्याच उंचीचा पाट किंवा वह्यांचा गठ्ठा ठेवून त्यावर डावा पाय ठेवा, उजवा काट्यावर. कुबड्यांवर रेलून काटा ९ वर येईल एवढंच दाबा. दिवसातून चारदा केलंत की दोन दिवसांत अंदाज बसतो. पाऊल अधांतरी धरून लंगडी घालत चालू नका. पाय हवेत धरून ठेवायला खुब्यापुढचा सोअॅस स्नायू सतत आवळलेला राहतो आणि पुढचं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं.

दुखत नाही म्हणून पूर्ण भार देणंही चूक. हाड जिथे घासलंय तिथे मान काही काळ कमजोर असते आणि ही कमजोरी दुखून सांगत नाही.

कुबड्या सोडताना आधी उजव्या हातातली सोडा. उरलेली एक डाव्या हातात, म्हणजे ऑपरेशनच्या विरुद्ध बाजूला. तीही कधी सोडायची, तर लंगडणं शून्य झाल्यावर. घरातल्या कोणाला तरी मागून मोबाइलवर चालण्याचा व्हिडिओ घ्यायला सांगा आणि पँटचा कमरपट्टा बघा. उजव्या पायावर उभं असताना पट्टा डावीकडे खाली झुकत असेल, किंवा धड उजवीकडे कलत असेल, तर ग्लूटियस मिडियस (नितंबाच्या बाजूचा स्नायू) अजून भार पेलत नाही. मग कुबडी आणखी आठवडाभर. लंगडत काढलेले ३ किमी हे कुबडी घेऊन सरळ चाललेल्या ५०० मीटरपेक्षा वाईट, कारण शरीर तीच चाल शिकून बसतं.

मासुंदा
घरचं सांगते.

जिना: चढताना डावा पाय आधी, उतरताना कुबड्या आणि उजवा पाय आधी. एक हात कठड्याला, दोन्ही कुबड्या दुसऱ्या हातात. दिवसातून एकदाच उतरायचं, सगळी कामं त्याच फेरीत.

कमोड: बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. नसेल तेवढी उंची तर सीट उंच करणारा ४ इंचांचा रेझर बसवा, मेडिकल उपकरणांच्या दुकानांत भाड्यानेही मिळतो. सोफा, बीन बॅग, जमिनीवरची बैठक, पाट सध्या बंद. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं तर कित्येक महिने विसरायचं. सणवाराला घरचे आग्रह करतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

रिक्षा: सीट खोल, धक्के सरळ खुब्यात. टॅक्सीची पुढची सीट पूर्ण मागे सरकवून, खाली उशी घेऊन, आधी पाठमोरं बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत. पाय उचलून आत टाकायचा नाही. लागलं तर उजव्या मांडीखाली हात घालून उचला.

झोप: पाठीवर, किंवा डाव्या कुशीवर दोन पायांत जाड उशी, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. नुसती गुडघ्यांत ठेवली तर पाऊल खाली पडून खुबा आत वळतो.

पारसिक
वर सोअॅसचा विषय निघालाय, त्यावर सविस्तर लिहितो, कारण पळणारी माणसं बहुतेक इथेच अडकतात.

पळणाऱ्याला रिकामं बसवत नाही. चौथ्या आठवड्यात बरं वाटू लागतं आणि तो पलंगावर पडून सरळ पाय वर उचलण्याचे सेट सुरू करतो, मांडी कमी झालेली दिसते म्हणून. या व्यायामात लांब तरफेचा सगळा ताण खुब्यापुढच्या स्नायूंवर येतो, आणि सोअॅसचं कंडरा नेमकं शिवलेल्या लॅब्रमच्या पुढून जातं. परिणाम: जांघेत पुढच्या बाजूला टोचणं, पाय उचलून पायरीवर ठेवताना किंवा गाडीत घालताना कळ, कधी टक्‌ असा आवाज. माणूस घाबरतो की टाके सुटले. बहुतेक वेळा ती कंडराची सूज असते. उपाय म्हणजे सरळ पाय उचलणं पूर्ण बंद, जिने कमी, सायकल अर्ध्यावर, पालथं झोपणं वाढवणं. आठवडा-दोन आठवड्यांत उतरतं. उलट, दुखणं आत खोलवर असेल, दाखवताना माणूस अंगठा मागे आणि बोटं पुढे ठेवून खुबा मुठीत धरतो तसं, किंवा सांधा अडकत असेल, तर सर्जनला दाखवायचं.

सध्याच्या टप्प्यात करण्यासारखं, सर्जनची हरकत नसेल तर:

पालथं झोपणं, २०-३० मिनिटांच्या तुकड्यांत, दिवसभरात मिळून दोन तास. खुब्याची पुढची बाजू आखडत नाही. कंबर दुखली तर पोटाखाली पातळ उशी.

दुसऱ्याच्या हाताने खुबा गोल फिरवणं. गुडघा वाकवून घरच्या माणसाने पाय उचलून धरायचा आणि छोटी वर्तुळं काढायची, दोन्ही दिशांनी, दिवसातून दोन-तीनदा. तुमचा पाय पूर्ण ढिला. हे कंटाळवाणं आहे, पण आत चिकटे धरू नयेत म्हणून करायचं आहे. फिजिओने घरच्यांना एकदा हाताला धरून शिकवलंच पाहिजे.

स्थिर सायकल, शून्य रोध, सीट उंच, १५ ते २० मिनिटं, दिवसातून दोनदा. उभी सायकल घ्या. पाठ टेकायची आरामखुर्चीवाली नको, तिच्यात खुबा जास्त वाकतो. स्पिन बाइकवर पुढे ओणवं व्हावं लागतं, तीही नको.

नितंब आवळून ५ सेकंद धरणं, पोटाचा खालचा भाग आत घेणं, पोटरी हलवत राहणं. बस्स. पुढे साधारण सहाव्या आठवड्यापासून पूल (उताणं पडून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं), कुशीवर पडून पाय उचलणं, रबरी पट्टा घेऊन आडवं चालणं, मग पायरीवर चढणं. पट्टा आधी गुडघ्यांच्या वर बांधा, घोट्याला नंतर.

एक गोळीचंही सांगतो. सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ नये म्हणून बऱ्याचदा नॅप्रोक्सेन किंवा इंडोमेथासिन काही आठवडे देतात. तुमच्या कागदावर असेल तर "दुखत नाही" म्हणून सोडू नका, ती फक्त दुखण्यासाठी नाही. जेवणानंतर घ्या, आणि जोडीला दुकानातून वेगळी वेदनाशामक घेऊ नका. पोट आणि मूत्रपिंड दोन्हीला ते जड जातं.

पामबीच पहाट
१२ आठवडे भरले की हळूहळू जॉगिंगला हरकत नसावी. ट्रेडमिलवर सुरुवात करा, म्हणजे धक्का कमी.

खाडीकाठ
१२ आठवडे ही सगळ्यात अलीकडची तारीख आहे, नेमून दिलेली नव्हे. अनेकांना १६ लागतात, काहींना २०. तारखेऐवजी या परीक्षा ठेवा:

४५ मिनिटं झपझप चालून लंगडणं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी जांघ दुखत नाही. ८ इंचांच्या पायरीवरून उजव्या पायावर हळू उतरणं १० वेळा, गुडघा आत न पडता आणि कंबर न झुकता. एका पायावर पोटऱ्या उचलणं २० ते २५. बाजूचा प्लँक दोन्हीकडे ४५ सेकंद. एका पायाचा पूल १५ वेळा, मागच्या मांडीत गोळा न येता. शेवटी एका पायावर जागच्या जागी १० हलक्या उड्या. फिजिओकडे हातात धरायचा डायनॅमोमीटर (ताकद मोजायचं यंत्र) असेल तर पाय बाहेर ढकलण्याची ताकद डाव्या पायाच्या ९० टक्के भरली पाहिजे. यातलं एकही राहिलं तर पळणं नाही, त्या एकावर दोन आठवडे काम.

फिजिओ निवडतानाही हेच विचारा: "मला पळायला सोडताना तुम्ही काय तपासाल?" उत्तरात नुसती शेकपट्टी आणि मशीन आली तर दुसरीकडे जा.

ट्रेडमिल चालेल, चढ ० ते १ टक्का, पण पुढचा दांडा धरून नाही.

सुरुवात एक दिवसाआड. ५ मिनिटं चालून झाल्यावर १ मिनिट पळणं, ४ मिनिटं चालणं, असे सहा फेरे. मग २-३, ३-२, ४-१. प्रत्येक पायरीवर किमान तीन वेळा. त्यानंतर सलग २० मिनिटं. दुखणं दहापैकी दोनपर्यंत आणि सकाळपर्यंत गेलेलं, तर पुढे. तीन किंवा जास्त, अथवा चालीत लंगडणं, तर दोन दिवस सुट्टी आणि एक पायरी मागे. पावलं छोटी ठेवा. मिनिटाला १६० पडत असतील तर त्याच वेगात १७० करा, खुब्यावरचा भार प्रत्येक पावलामागे कमी होतो. आधी वेळ वाढवा, मग आठवड्यातले दिवस, वेग सगळ्यात शेवटी.

सेक्टर१९
जागांबद्दल. रस्ता सपाट आहे एवढ्याने भागत नाही, आडवा उतार बघायचा. पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्ता कडेला झुकलेला असतो. पाम बीच रोडच्या कडेने एकाच दिशेने तासभर पळालात तर एक पाय सतत खाली, एक वर, आणि कंबर तिरकी. ऑपरेशन झालेल्या खुब्याला हे नको. पहिले दोन महिने खारघरचं सेंट्रल पार्क, वाशीचा मिनी सीशोअर असल्या बंद वाटा बऱ्या, आणि निम्म्या वेळाने दिशा बदला. ठाण्यात उपवनचा काठ पहाटे ठीक, तलावपाळीला गर्दीत सारखं थांबून वळावं लागतं. दादोजी कोंडदेव स्टेडियमच्या मैदानावर पळायला मिळालं तर वळणं रुंद घ्या.

पेव्हर ब्लॉक पावसाळ्यात टाळाच. शेवाळ धरतात, आणि घसरताना पाय बाहेर फाकणं ही शिवलेल्या खुब्याला सगळ्यात वाईट हालचाल.

येऊर आणि खारघर टेकडी सहा महिन्यांनंतर. चढावर खुबा जास्त वाकतो आणि सोअॅसला ओढ बसते, उतारावर प्रत्येक पाऊल ब्रेक लावतं. आधी चालत चढ, चालत उतार, मग पळत चढ. पळत उतरणं शेवटी.

मासुंदा
पोहण्याचं राहिलं. टाके काढले म्हणजे जखम भरली असं नाही. खपली पूर्ण गेलेली हवी आणि सर्जनचा होकार हवा, सहसा तीन आठवडे तरी. सुरुवातीला पायात पुल बॉय (फोमचा तरंगता ठोकळा) धरून फक्त हातांनी फ्रीस्टाइल. बेडूक-पोहणं तीन महिने नाही, त्यात खुबा जोराने वळतो. कमरेला तरंगता पट्टा बांधून खोल पाण्यात पळणं साधारण ६ ते ८ आठवड्यांपासून, पाय तळाला न लागता. दम टिकवायला याहून चांगलं काही नाही. पालिकेच्या मारोतराव शिंदे तरणतलावात किंवा सोसायटीच्या तलावात उतरताना शिडीवर घाई नको. ओल्या फरशीवर कुबड्यांची रबरी टोपणं घसरतात, झिजलेली आजच बदला.

नेरुळकर
धाग्याला थोडं सोडून: वडील ६२, पूर्ण सांधा बदलायला सांगितलाय. आयुष्यभर पळलेत. टेनिसपटू अँडी मरे खुब्यात धातू घालून खेळलाच ना?

पारसिक
मरेचं जानेवारी २०१९ मधलं ऑपरेशन रीसरफेसिंगचं होतं. त्यात हाडाचा गोळा काढत नाहीत, त्यावर धातूची टोपी बसवतात. त्याच ऑक्टोबरमध्ये तो अँटवर्पची एकेरी जिंकला हे खरं, पण वडिलांचं ऑपरेशन वेगळं आहे. पूर्ण बदललेल्या सांध्यात प्लास्टिकची वाटी झिजणं आणि मांडीच्या हाडात बसवलेला खुंटा सैल होणं हा प्रश्न असतो. आताचं प्लास्टिक, क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलीन, पूर्वीपेक्षा खूप कमी झिजतं, तरी पळण्याबद्दल सर्जनांत एकमत नाही. चालणं, सायकल, पोहणं, ट्रेकच्या सोप्या वाटा याला बहुतेक होकार देतात. वडिलांना ऑपरेशनच्या आधीच विचारू द्या: छेद पुढून की मागून, वाटी कशाची, आणि पळणं चालेल का. मागून छेद असेल तर सुरुवातीचे आठवडे ९० अंशांपलीकडे वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाऊल आत वळवणं बंद, नाहीतर सांधा निखळू शकतो. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

येऊरवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. वजनकाट्याचा प्रयोग आत्ताच केला, मी १८ किलो दाबत होतो. दोन प्रश्न: कोणत्या लक्षणांना त्याच दिवशी धावत जायचं? आणि जानेवारी?

खाडीकाठ
१८ लगेच ९ वर आणा.

त्याच दिवशी: एका पोटरीत सूज, कळ, गरमपणा. ताप किंवा ऑपरेशनच्या छिद्रातून पाणी, पू. पायावर अचानक भार न पेलणं. छातीत दुखणं किंवा धाप लागणं असेल तर वाट न बघता सरळ इमर्जन्सी. मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा जननेंद्रियाजवळ बधिरपणा असेल तर तो ऑपरेशनच्या वेळी पाय ताणून धरल्यामुळे किंवा छेदाजवळच्या नसेमुळे येतो, बहुधा आठवड्यांत-महिन्यांत ओसरतो, पण तपासणीला सांगा. पळणं सुरू झाल्यावर जांघेत वाढत जाणारी, रात्रीही राहणारी कळ आली तर पळणं थांबवून एमआरआय होईपर्यंत पुन्हा कुबडी. मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाची चीर जात असेल तर ती वेळेत सापडली पाहिजे. ड जीवनसत्त्वाची तपासणी आत्ताच करून घ्या.

जानेवारी: मुंबईची शर्यत तिसऱ्या रविवारी असते. तुमचं गणित मांडलं तर तोवर सुमारे सहा महिने होतील, त्यातले पळण्याचे फार तर तीन, तेही चालण्यात मिसळलेले. पूर्ण आणि अर्धी दोन्ही सोडा. डिसेंबरच्या मध्यापर्यंत सलग ४० मिनिटं, आठवड्यात तीनदा, विनातक्रार जमलं तर १० किमी चालत-पळत करता येईल. नाही जमलं तर त्या दिवशी पेडर रोडवर पाणी वाटायला या, स्वयंसेवक नेहमीच कमी पडतात. पण ५ तास उभं राहायचं असेल तर घडीची उंच खुर्ची बरोबर आणा.