युरोपात शिकताना: पोहोचल्यानंतरचे दिवस

मंडळी, प्रवेश कसा घ्यायचा, व्हिसाला काय लागतं, ही माहिती आता कुठेही मिळते. पण पोहोचल्यावर पहिले महिने कसे गेले, इंटर्नशिप कशी मिळाली, सुट्टीत कुठे भटकलात, हे त्यातून गेलेल्यांनीच सांगावं. सुरुवात मी करते, पुढे प्रत्येक शहराखाली वेगळ्याच कुणाचा तरी अनुभव आहे.

आखेन, जर्मनी

एप्रिल 2022 मध्ये मास्टर्ससाठी आले. तीन महिन्यांसाठी पोटभाड्याने खोली मिळाली होती. घरमालकाने रहिवासाच्या कागदावर सही करायला नकार दिला. तो कागद नाही म्हणून आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी नाही. नोंदणी नाही म्हणून बँक खातं उघडेना, आणि खातं नाही म्हणून ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेलं, दरमहा ठरावीक रक्कमच सोडणारं खातं) महिन्याला सुटणारे 861 युरो अडकले. पैसे माझेच, पण हात लावता येईना. पाच आठवडे वर्गातल्या एका इराणी मुलीने दिलेल्या उसन्या पैशांवर काढले. ती मला फारशी ओळखतही नव्हती तेव्हा. खोली बघताना पहिला प्रश्न हाच विचारा: नोंदणीसाठी सही मिळेल ना? भाडं आणि अंतर नंतर.

त्याच वर्षी जून ते ऑगस्ट 9 युरोंचं मासिक तिकीट निघालं. रिजनल गाड्यांना देशभर चालायचं. मी जवळजवळ दर शनिवारी निघायचे. कोब्लेन्झ ते बिंगेन हा ऱ्हाइनकाठचा पट्टा, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे आणि किल्ले, मी चारदा केला.

स्टुटगार्टजवळ, जर्मनी

मी इंटर्नशिपबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण मला हे वेळेवर कुणी सांगितलं नाही. 2024 मध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सहा महिने होतो. त्याआधी साठेक अर्ज वाया गेले. अभ्यासक्रमात सक्तीची असलेली इंटर्नशिप आणि आपल्या मर्जीने केलेली, यांत जर्मन कायद्याने मोठा फरक आहे. मर्जीची तीन महिन्यांच्या वर गेली की कंपनीला किमान वेतन द्यावं लागतं, तेव्हा ते तासाला 12.41 युरो होतं. सक्तीचीला ती अट नाही. म्हणून सहा महिन्यांच्या पुष्कळ जागा सक्तीवाल्यांनाच देतात. शिवाय आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा असते, त्यात सक्तीची इंटर्नशिप मोजत नाहीत. माझ्या अभ्यासक्रमात ती सक्तीची होतीच, फक्त अर्जात मी तसं लिहिलं नव्हतं. विद्यापीठाचं पत्र जोडायला लागल्यावर दोन आठवड्यांत तीन मुलाखती आल्या.

माझं जर्मन बी-वनपर्यंत, म्हणजे मधल्या पातळीपर्यंत झालेलं, आणि वर्कशॉपमधले मायस्टर, म्हणजे मुख्य कारागीर, पक्की श्वेबिश ही तिथली बोली बोलायचे. पहिला महिना निम्मं डोक्यावरून गेलं. पण चूक झाली की ते आवाज न चढवता पुन्हा पहिल्यापासून दाखवायचे. बेअरिंगच्या चाचणीबद्दल जे काही येतं ते त्यांच्यामुळे.

आणि शेवटी मिळणारं प्रमाणपत्र, त्सॉइग्निस, शब्दन् शब्द वाचा. भाषा सगळ्यांच्याच पत्रात गोड असते, श्रेणी आत दडलेली असते. 'नेहमीच आमचं पूर्णातिपूर्ण समाधान होईल असं काम' म्हणजे उत्तम. 'नेहमीच पूर्ण समाधान' म्हणजे चांगलं. त्यातला 'नेहमीच', म्हणजे 'श्टेट्स', गळला की मध्यम. नुसतं 'समाधान' राहिलं तर जेमतेम. माझ्या पहिल्या मसुद्यात 'श्टेट्स' नव्हतं. मायस्टरांना दाखवलं, ते स्वतः एचआरकडे गेले आणि शब्द घालून आणला.

ग्रेनोब्ल, फ्रान्स

आमच्याकडे नियम वेगळा. इंटर्नशिप, इथे तिला स्ताज म्हणतात, दोन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर सक्तीची असो वा नसो, मानधन द्यावंच लागतं. 2024 मध्ये कमीत कमी तासाला 4.35 युरो. पण संस्था, विद्यापीठ आणि आपण, तिघांच्या सह्यांचा करार आधी झालेला हवा. माझ्या करारावरची एक सही सुट्ट्यांमध्ये अडकली आणि सुरुवात तीन आठवडे पुढे गेली. खोलीसाठी जामीनदार मागतील, तेव्हा घाबरू नका. 'विझाल' ही भाड्याची हमी फुकट मिळते, तिशीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना.

डेल्फ्ट, नेदरलँड्स

सायकल जुनी घ्या, कुलूप नवं. नोकरी आपल्याला आठवड्याला 16 तास किंवा जून-जुलै-ऑगस्टमध्ये पूर्णवेळ करता येते, आणि कामाचा परवाना मालकाने काढायचा असतो. त्या कटकटीपायी छोटे कॅफेवाले नाही म्हणतात. मन खट्टू करून घेऊ नका, विद्यापीठातच कामं शोधा.

ड्रेस्डेन, जर्मनी

वर आखेनवालीने प्रवासाचं लिहिलंय, त्यावरून आठवलं. माझं रेसिडेन्स परमिट नूतनीकरणाला गेलेलं असताना हातात फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा हंगामी कागद होता. परवाना कार्यालयाच्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, यावर देशाबाहेर जाऊ नकोस. मी ऐकलं. ख्रिसमसच्या सुट्टीत सगळे प्राहाला, म्हणजे प्रागला गेले, ट्रेनने अडीच तासांवर, आणि मी वसतिगृहात. पुढे कळलं, त्या कागदावर तीन चौकटी असतात. तिसरी, निवास कायद्याच्या कलम 81 परिच्छेद 4 ची, खूण केलेली असेल तर जुना परवाना चालू धरतात आणि प्रवास करता येतो. माझी तिसरीच होती. ज्यांच्याकडे हा कागद आहे त्यांनी आत्ता काढून बघा.

लुलेओ, स्वीडन

इथे डिसेंबरात उजेड जेमतेम तीन तास. पहिल्या हिवाळ्यात मी लेक्चरला जाणं बंद केलं होतं, फोनवर आईला मात्र सगळं छान आहे सांगत होते. कॉरिडॉरच्या सामायिक स्वयंपाकघरात माझा डबा चार दिवस तसाच दिसला म्हणून शेजारच्या मुलीने दार ठोठावलं. काही विचारलं नाही, कॉफी झाल्यावर बूट घालायला लावले. गावाजवळ समुद्र गोठतो आणि त्यावर चालण्यासाठी, स्केटिंगसाठी रस्ता साफ करून ठेवतात. आम्ही त्यावर तासभर चाललो. लहान मुलं, पायाने ढकलायच्या स्लेजवर म्हातारी माणसं, कुत्री, सगळं गाव अंधारात दिवे लावून समुद्रावर आलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मी तिचं दार ठोठावलं.