भाडं किती वाढवायचं, हे भाडेकरूला विचारायचं का?

तिरकस_तागडी:
परवा इथे कुणीतरी लिहून गेलं, "ब्रिटनमध्ये कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, घरांतल्या भाडेकरूंना भाडेवाढीबद्दल विचारतात, म्हणजे बोकडाला विचारून मसाला वाटतात. सगळे शून्यच म्हणणार." इंग्लंड-स्कॉटलंड एकाच पोत्यात कोंबलंय, म्हणून हा धागा.

स्कॉटलंडमध्ये २००१च्या हाउसिंग अ‍ॅक्टचं कलम २५ आहे. वाढीचा बोजा ज्यांच्यावर पडणार त्यांना आधी विचारा, त्यांचं म्हणणं लक्षात घ्या, मग किमान ४ आठवड्यांची नोटीस द्या. इंग्लंडमध्ये १९८५च्या कायद्याचं कलम १०५ घरांच्या व्यवस्थापनाबद्दल विचारायला लावतं आणि त्याच दमात भाडं आणि सर्व्हिस चार्ज वगळतं. तिथे जे विचारतात ते आपल्या मर्जीने.

आता ते ‘शून्य’. "५ टक्के वाढ चालेल का?" याला हो कोण म्हणेल? आठवड्याचं भाडं ९६ पौंड असेल तर ३ टक्के म्हणजे २.८८, ५ म्हणजे ४.८०, ७ म्हणजे ६.७२. प्रत्येकाच्या पत्रात त्याच्या स्वतःच्या भाड्यावरचे आकडे छापा. समोर लिहा: एवढे दिले तर नव्या खिडक्या दोन वर्षं लांबणीवर, एवढे दिले तर वेळेवर, एवढे दिले तर जिन्याची अग्निरोधक दारंही. मग लोक मधला पर्याय घेतात.

खडूस_खजिनदार:
मधला घेतात, कारण तुम्ही तो मधे ठेवलात! ३-५-७ ठेवा, ५ येईल. ५-७-९ ठेवा, ७ येईल. याला सल्लामसलत म्हणतात होय?

आणि इंग्लंडात विचारायला वेळ असतो कुठे? कमाल वाढ म्हणजे सप्टेंबरची महागाई अधिक १ टक्का. तो आकडा ऑक्टोबरात कळतो. घरांच्या खात्याचं बजेट जानेवारी-फेब्रुवारीत मांडायचं आणि खातं तुटीत जाऊ द्यायचं नाही, हे १९८९च्या कायद्यातच (कलम ७६) आहे. फेब्रुवारीअखेर नोटिसा पोस्टात, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नवं भाडं लागू.

धरा, १०,००० घरं, सरासरी १०० पौंड. एक टक्का सोडला तर वर्षाला ५,२०,००० पौंड गेले. तेही फक्त त्या वर्षी नव्हे. पुढची वाढ त्या खालच्या भाड्यावर बसते. घर रिकामं होऊन सरकारी सूत्राने ठरणाऱ्या भाड्याने पुन्हा दिलं की भरपाई. २०१६ पासून सलग ४ वर्षं सरकारने दरवर्षी १ टक्का भाडं उतरवायला लावलं, तो खड्डा अजून बुजलेला नाही. कमाल मर्यादेखाली जायची हिंमत कोण करणार? मग विचारायचं नाटक कशाला?

डंडीकर:
खजिनदार, ती मर्यादा तुमच्या इंग्लंडची. आमच्याकडे स्कॉटलंडात भाडं कौन्सिलच ठरवते, म्हणून विचारण्याला अर्थ उरतो.

पण तागडीसाहेब, उत्तरं कोण देतं ते बघा की. दुपारी २ ला वृद्धांच्या संकुलात चहा-बिस्किटांसह बैठक. कामावर जाणारा येईल कसा? शिवाय ज्याचं सगळं भाडं बेनिफिटमधून (सरकारी मदतीतून) जातं त्याने ७ वर खूण केली तरी त्याच्या खिशाला चाट नाही. पूर्ण बेनिफिट, अर्धा आणि काहीच नाही, असे तीन ढीग वेगळे मोजा. एकत्र टक्केवारी छापली की ती कुणाचीच नसते.

तिरकस_तागडी:
तीन ढिगांचं मान्य. खजिनदारांचं नाही. एकदा विचारायला घेतलं की नाकारलेले पर्यायही सांगावे लागू शकतात. लंडनची हॅरिंगे कौन्सिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टात यावरच आपटली. विषय कौन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीसारख्या कराच्या) सवलतीचा होता, पण तत्त्व तेच.

सोमवारचा_वैरी:
टक्क्यांवर भांडत बसा. आठवड्याचं भाडं दर सोमवारी लागतं, त्या ५३व्या सोमवारबद्दल कुणी विचारतं का? २०२४-२५ मध्ये ५३ सोमवार आले. युनिव्हर्सल क्रेडिट (दरमहा मिळणारी सरकारी मदत) साप्ताहिक भाड्याला ५२ ने गुणून १२ ने भागतं. ११० पौंडांच्या घरासाठी वर्षाला ५,७२० मिळाले, कौन्सिलने लावले ५,८३०. एक अख्खा आठवडा खिशातून, आणि लगेच थकबाकीची पत्रं.

खडूस_खजिनदार:
मग वर्षाचं भाडं ५३ ने भागा. हाय काय अन् नाय काय.

सोमवारचा_वैरी:
गणित तरी करा! ५,७२० भागिले ५३ म्हणजे १०७.९२. क्रेडिटवाले त्यालाही ५२ नेच गुणणार. १०८ पौंडांचा खड्डा आहे तिथेच. खजिनदार म्हणवता आणि हे?

खडूस_खजिनदार:
बरं, चुकलो, पेढे वाटा. पण तो सोमवार फुकट सोडला तर माझ्या १०,००० घरांवर १० लाख पौंड जातात, ते कोण भरणार? हाउसिंग बेनिफिटवरच्या (आठवड्याच्या हिशेबाने मिळणाऱ्या भाडेमदतीवरच्या) पेन्शनरांना तर तो आठवडा पूर्ण मिळतो. त्यांचाही सोडायचा?

डंडीकर:
मूळ दुखणं दरवर्षीचंच आहे. ५२ आठवडे म्हणजे ३६४ दिवस. उरलेला एखाददुसरा दिवस साचत जातो आणि ५-६ वर्षांनी सोमवार होऊन अंगावर येतो. भाडं महिन्याचं करा, क्रेडिट तो आकडा आहे तसा धरतं.

तिरकस_तागडी:
आणि गंमत बघा. इंग्लंडात आठवड्याचं भाडं महिन्याचं करायचं म्हणजे कराराची अट बदलायची. कलम १०३ प्रमाणे आधी प्राथमिक नोटीस, बदलाचा परिणाम समजावणं, मतं मागवणं. रक्कम वाढवायची असेल तर यातलं काहीच नको! कधी भरायचं हे विचारतील, किती भरायचं हे नाही.

धागा मात्र माझा होता, सोमवारचा नव्हे.

खडूस_खजिनदार:
पत्रात टक्क्यांऐवजी पौंड हवेत, एवढं तुमचं घेतो. तीन पर्यायांची थाळी तुमची तुम्हाला लखलाभ.

सोमवारचा_वैरी:
आणि मतं मागवायची तर आत्ताच मागवा. १ एप्रिल २०३० सोमवार आहे, ३१ मार्च २०३१ सुद्धा, म्हणजे पुन्हा ५३.