गरम झाल्यावर ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. इंजिन खोलायचं का?

कृष्णाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची टर्बो डिझेल हॅचबॅक, १,१८,००० किमी झालेली. गेल्या आठवड्यात पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला, तिसऱ्यात गाडी ओढत असताना ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागून गेला. पुढं आणेवाडी टोलच्या रांगेत उभा राहिलो तर लुकलुकायलाच लागला. साताऱ्याला चहाला थांबलो, अर्ध्या तासानं गाडी काढली तर दिवा गुल. उंब्रज येईपर्यंत पुन्हा हजर.

काडी काढून बघितली, ऑइल दोन खुणांच्या मधे आहे. गॅरेजवाल्यानं प्रेशर स्विच बदलला, फरक शून्य. आता म्हणतो बेअरिंग गेली, इंजिन उतरवावं लागेल, पासष्ट-सत्तर हजार धरून चला. एवढे पैसे घालायच्या आधी काही तपासता येईल का?

डोंगरगाडी

२०डब्ल्यू-५० टाका आणि विसरून जा. माझ्या जुन्या जीपला तेच केलंय, दिवा बंद.

उद्यमनगरी (कोल्हापूर)

जीपचं औषध या गाडीला देऊ नका. जाड ऑइलनं दिवा विझेलही, पण दुखणं तिथंच राहील, आणि पहाटे थंड इंजिनात ते ऑइल टर्बोपर्यंत पोचायला वेळ लागेल तो वेगळाच.

कृष्णाकाठ, आधी गाडी दारात उभी करा. गॅरेजला न्यायची झाली तर टो करून न्या. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, दाब आहे की नाही ते सांगतो. स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला (बार म्हणजे दाब मोजायचं माप) काम करतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा दाब थोडा कमी झालेला नसतो, जवळजवळ संपलेला असतो.

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलेली एक गोष्ट गॅरेजवाल्यानं कानावर घेतलेली दिसत नाही: दिवा पहिल्यांदा लागला तो चढावर, रेसमध्ये. बेअरिंग झिजली की फट वाढते, गरम पातळ झालेलं ऑइल तिथून निसटतं, आणि आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, दिवा लागतो. पण रेस दिली की पंप जास्त ऑइल ढकलतो आणि दिवा विझतो. तुमच्याकडं रेसमध्येही लागतोय. म्हणजे पंपाला जास्त ऑइल हवंय आणि खालून मिळत नाहीये.

दुसरी खूण साताऱ्याचा चहा. इंजिनाखाली ऑइल साठतं ते भांडं म्हणजे चेंबर. त्याच्या तळाशी पिकअपची, म्हणजे पंप ज्या पाइपातून ऑइल ओढतो त्याच्या तोंडाची, जाळी असते. इंजिन चालू असताना चेंबरमधला कचरा ओढला जाऊन जाळीला चिकटतो, बंद केलं की सुटून खाली बसतो. म्हणून थांबलं की गाडी बरी होते आणि काही किलोमीटरनं पुन्हा तेच. झिजलेली बेअरिंग चहा पिऊन भरून येत नाहीत.

दोन प्रश्न. चेंबर कधी कुठं आपटलाय का? आणि चेंबरचं पॅकिंग आधी कुणी केलंय का?

आणि काही खोलायच्या आधी मेकॅनिकल गेज, म्हणजे दाब दाखवणारा काट्याचा मीटर, लावा. स्विच काढून त्याच भोकात ० ते १० बारचा गेज बसतो. आटे जुळले नाहीत तर लेथवाल्याकडून ॲडाप्टर वळवून घ्या, आमच्या उद्यमनगरात तासाभराचं काम आहे. आटे दाबून चढवू नका, ब्लॉक ॲल्युमिनियमचा निघाला तर मग खराच खर्च. इंजिन गरम करून आकडे घ्या, काटा अर्ध्या बारखाली गेला की लगेच चावी बंद. ढोबळ हिशेब सांगतो: गरम आयडलला १ बारच्या आसपास, २००० आरपीएमला २ ते ३ बार. तुमच्या इंजिनाचा नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

मिरजेची

मधेच विचारते. माझी पेट्रोल गाडी सकाळी चालू केली की दिवा दोन-तीन सेकंद राहतो, मग दिवसभर नाही. हेच का?

उद्यमनगरी

नाही. फिल्टरमध्ये एक रबरी व्हॉल्व्ह असतो, रात्रभर ऑइल खाली उतरू न देणारा. स्वस्तातल्या नकली फिल्टरमध्ये तो कडक होतो. पुढच्या सर्व्हिसला खात्रीच्या दुकानातून फिल्टर घ्या आणि बघा.

कृष्णाकाठ

दोन्ही प्रश्नांना हो. मागच्या पावसाळ्यात पाटण रोडला दगड लागला होता. चेंबर पाझरायला लागला म्हणून उतरवून, ठोकून, सिलिकॉन लावून परत बसवलाय.

गेज लावला. थंड आयडल २.८. गरम आयडल ०.९. गरम असताना २५०० ला नेलं तर १.४ पर्यंत चढला आणि रेस तीच असताना थरथरत ०.६ वर आला.

उद्यमनगरी

मग इंजिन नाही, चेंबर उतरवा. रेस तीच ठेवून दाब पडतोय आणि काटा थरथरतोय, म्हणजे पंप हवा ओढतोय किंवा उपाशी आहे.

चेंबर खाली आला की तीन गोष्टी बघा. जाळी. पिकअप पाइपची ओ-रिंग, ती चिरली असेल तर तिथूनही हवा येते. आणि पोचा. पोरांच्या खेळण्यातली क्ले जाळीच्या तोंडावर ठेवून चेंबर नुसता टेकवून काढा. क्ले अगदीच चपटी झाली तर तळ जाळीला लागतोय, चेंबर नवीनच घ्या.

हात घातलाच आहे तर एका बिगएंडची (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक) कॅप खोलून शेल, म्हणजे आतली बेअरिंगची पट्टी, बघून घ्या. एकसारखा करडा असेल तर ठीक. तांबूस दिसला तर तुमचा गॅरेजवाला बरोबर, आणि मी गप्प बसतो. बऱ्याच इंजिनांत ते बोल्ट एकदाच वापरायचे असतात, नवीन आणून ठेवा.

कृष्णाकाठ

आज उतरवला. जाळीवर सिलिकॉनच्या निळ्या शेवया, मधे कार्बनचा चिखल, निम्म्याहून जास्त तोंड बंद. क्लेही चपटीच झाली. शेल करडा आहे, एक बारीक ओरखडा सोडला तर स्वच्छ. गॅरेजवाला स्वतःच म्हणाला इंजिन राहू दे. नवीन चेंबर आणि पिकअप मागवलाय. बसवताना काय सांभाळू? फ्लश मारू का?

उद्यमनगरी

फ्लश, म्हणजे इंजिन आतून धुवायचं औषध, नको. वर चिकटून बसलेला गाळ सुटून नव्या जाळीवर येईल. सिलिकॉनची धार बारीक आणि भोकांच्या आतल्या अंगानं ठेवा, इतकी जाड नको की आवळल्यावर आत फुगून येईल. मागच्या वेळी तेच झालंय. ते किती वेळ सुकू द्यायचं हे ट्यूबवर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ द्या, मगच ऑइल भरा. फिल्टर तोंड वर करून बसत असेल तर त्यातही थोडं ऑइल भरा. इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसता स्टार्टर मारा, दिवा विझला की जोडा आणि चालू करा. गेज तोपर्यंत काढू नका, गरम आकडे इथं टाका.

हजार किलोमीटरला ऑइल-फिल्टर पुन्हा बदला. जुना फिल्टर फेकू नका, कापून त्याचा कागद उन्हात धरा आणि वरून लोहचुंबक फिरवा. चकाकतंय पण चुंबकाला चिकटत नाही असं काही निघालं तर फोटो टाका.